मेंदू आणि नसांच्या आजारांसाठी ग्रुपने भांडायचं म्हणजे नेमकं काय: नागपुरातून सारखे येणारे प्रश्न

आमच्या पेशंट आणि घरच्यांच्या ग्रुपच्या व्हॉट्सअपवर तेच तेच प्रश्न येतात, मी त्याच त्याच व्हॉइस नोट पाठवत राहतो, आता घरचे हसून राहिले. म्हणून एकदाच लिहून टाकलं. मी डॉक्टर नाही, वकील नाही, बाबांना चौदा वर्षांपासून पार्किन्सन आहे एवढीच माझी डिग्री. औषधाचे प्रश्न कृपया तुमच्या न्यूरोलॉजिस्टला विचारा, इथे फक्त हक्काचं आणि ग्रुपचं.

१. हा सपोर्ट ग्रुपच ना? मग ॲडव्होकसी वगैरे काय भानगड आहे?

सपोर्ट ग्रुपमध्ये आपण एकमेकांशी बोलतो, फिजिओ कोण चांगला, रात्री झोप लागत नाही तर तुम्ही काय करता, कधी कधी रडणं पण होतं. ते सगळं इथेही चालतं. पण काही त्रास असे असतात की ते आजारामुळे कमी आणि खिडकीपलीकडच्या माणसामुळे जास्त होतात.

पार्किन्सनमध्ये अक्षर बारीक होत जातं. बाबांची सही सुरुवातीला बरी आणि आडनावापर्यंत मुंगीएवढी. बँकेने तीन चेक परत केले, सही जुळत नाही म्हणून. चौथ्यांदा मीच त्यांचा हात धरून सही करवली आणि मला स्वतःचीच लाज वाटली. नंतर कळलं की आजारी किंवा वृद्ध खातेदाराला सही जमत नसेल तर अंगठ्याचा ठसा चालतो, दोन साक्षीदार लागतात आणि त्यातला एक बँकेचाच जबाबदार अधिकारी, अशा रिझर्व्ह बँकेच्या सूचनाच आहेत. एकटा गेलो तर "साहेब जेवायला गेले". ग्रुपमधले पाच जण सूचनेची प्रिंट घेऊन गेलो तर वीस मिनिटांत काम झालं, आणि तेव्हापासून त्या ब्रांचमध्ये बाकीच्यांचंही होतं. बाबांचं काम झालं तो सपोर्ट, पुढच्या माणसाचं न भांडता झालं ती ॲडव्होकसी.

२. कोणकोणते आजारवाले येऊ शकतात?

एपिलेप्सी म्हणजे फिट, पार्किन्सन, एमएस (मल्टिपल स्क्लेरोसिस, यात नसांवरचं आवरण खराब होतं), लकवा मारलेले, मोटर न्यूरॉन (स्नायू हलवणाऱ्या नसांचा आजार), अटॅक्सिया (तोल आणि हालचालीवरचा ताबा जातो), मस्क्युलर डिस्ट्रॉफी, डिमेन्शिया, गुलियन बॅरे होऊन गेलेले, सगळे. रिपोर्टवर अजून "अंडर इव्हॅल्युएशन" लिहिलं असेल तरी या, निदान व्हायला काहींना वर्षं लागतात आणि रजा-नोकरीच्या अडचणी तेव्हाच सुरू होतात. सिकलसेलचे पालक विचारतात की आम्ही का यायचं, तर सिकलसेलमध्ये लहान पोरांना स्ट्रोक होऊ शकतो म्हणून. शिवाय विदर्भात सिकलसेलवाल्यांनी आपल्या कितीतरी आधीपासून सरकारदरबारी चपला झिजवल्या आहेत, त्यांच्याकडून शिकण्यासारखं भरपूर आहे.

३. दिव्यांगांच्या कायद्यात आमचा आजार येतो का?

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न. जुना कायदा १९९५ चा, त्यात ७ प्रकार होते. २०१६ चा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला आणि प्रकार २१ झाले. आपल्या कामाचं त्यात काय, तर पार्किन्सन आणि एमएस नावानिशी आहेत, मस्क्युलर डिस्ट्रॉफी आहे, सेरेब्रल पाल्सी आहे, ऑटिझम आहे, सिकलसेल पण आहे. लकव्याचं नाव वेगळं नाही, पण त्यामुळे हातपाय अधू झाले तर चलनवलनाच्या दिव्यांगत्वात मोजतात आणि वाचा गेली तर वाचा-भाषेच्या प्रकारात. मोटर न्यूरॉन आणि अटॅक्सियाचं नाव नाही, मात्र यादीत "दीर्घकालीन न्यूरॉलॉजिकल आजार" असा मथळा आहे आणि एमएस, पार्किन्सन ही त्याखाली उदाहरणं म्हणून दिली आहेत. उदाहरणं म्हणजे यादी तिथेच संपली असं होत नाही, हा मुद्दा लेखी मांडायचा. दिव्यांगत्व तपासून टक्के ठरवणारं मेडिकल बोर्ड ऐकतंच असं नाही, पण हातपाय किती चालतात ते तर त्यांना मोजावंच लागतं.

एपिलेप्सी या २१ मध्ये नाही. त्याचं प्रश्न ७ मध्ये.

४. यूडीआयडी कार्ड काढायचं कसं आणि ४० टक्क्यांचं काय?

यूडीआयडी म्हणजे सरकारने दिलेलं दिव्यांगत्वाचं ओळखपत्र. स्वावलंबन पोर्टलवर अर्ज, त्यात हॉस्पिटल निवडायचं, मग तपासणीची तारीख. दिव्यांगत्व ४० टक्के किंवा जास्त असेल तर बहुतेक सवलती आणि आरक्षण लागू होतं, सरकारी नोकरीत ४ टक्के, सरकारी आणि अनुदानित कॉलेजच्या उच्च शिक्षणात ५ टक्के. कार्ड तीन रंगांत असतं, ४० च्या खाली पांढरं, ४० ते ८० च्या आत पिवळं, ८० आणि वर निळं. पांढरं मिळालं म्हणून फेकून देऊ नका, प्रश्न ६ वाचा.

५. बोर्डासमोर बाबा एकदम ठणठणीत चालले, घरी आले आणि खुर्चीतून उठेनात. डॉक्टरला कसं पटवायचं?

हे आमच्या घरी झालेलं आहे. सकाळी सिंडोपाची गोळी घेतली, तासाभराने ती लागू झाली, नेमका तेव्हाच नंबर आला. बाबा ताठ चालत गेले, वर डॉक्टरांना "कसे आहात" म्हणून विचारलं. मी मागे फाईल धरून उभा, काय बोलणार. यालाच ऑन-ऑफ म्हणतात, गोळीचा असर असतो तोवर माणूस वेगळा आणि उतरला की वेगळा. एमएसमध्ये पण चांगले आणि वाईट दिवस असतातच.

काही लोक सल्ला देतात की त्या दिवशी गोळी देऊ नका. असं अजिबात करू नका. ही औषधं मनाने बंद केली तर जीवावर बेतू शकतं. त्याऐवजी पंधरा दिवसांची वही करा, कोणत्या वेळी गोळी, किती वाजता पाय चिकटले, किती वेळा पडले, बटन कोणी लावलं, घास कोणी भरवला. मोबाईलवर दोन-तीन छोटे व्हिडिओ, ऑफ मधले, तारीख-वेळ दिसेल असे. आणि न्यूरोलॉजिस्टकडून पत्र, त्यात "फ्लक्च्युएशन" हा शब्द आणि दिवसातले अंदाजे किती तास, हे लिहून घ्या. वही दिली की तपासणाऱ्याला पण सोपं जातं, त्याला तुमच्यासाठी पाच मिनिटंच असतात.

६. बोर्डाने ३५ टक्के दिले. आता सगळं संपलं का?

नाही. कायद्याच्या कलम ५९ खाली प्रमाणपत्राविरुद्ध अपील करता येतं. अपिलात भावना कमी लिहा, मोजमाप कुठे चुकलं ते जास्त लिहा.

आणि ४० च्या खालच्यांना काहीच मिळत नाही हे खरं नाही. सुप्रीम कोर्टाचा २०२१ चा विकास कुमार विरुद्ध यूपीएससी हा निकाल ग्रुपमधल्या प्रत्येक विद्यार्थ्याने जवळ ठेवावा. त्या उमेदवाराला रायटर्स क्रॅम्प, म्हणजे पेन धरला की हात आखडतो, हा सुद्धा न्यूरॉलॉजिकलच प्रकार. मेडिकल बोर्डाने दिव्यांगत्व धरलं होतं ६ टक्के आणि लेखनिक नाकारला होता. कोर्टाने सांगितलं की लेखनिक मिळायला ४० टक्क्यांची अट लावता येणार नाही, वाजवी सोय करून देणं ही वेगळी जबाबदारी आहे. त्यानंतर ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्राने ४० च्या खालच्यांसाठी लेखनिकाच्या गाईडलाईन्स काढल्या. म्हणजे आरक्षणाला टक्के लागतात, सोयीला लागत नाहीत, हा फरक कॉलेजच्या क्लार्कला समजावताना घसा बसतो पण समजावायचा.

७. मुलीला फिट येते. यादीत नाव नाही म्हणजे ग्रुपमध्ये येऊन उपयोग काय?

उपयोग तुम्हालाच जास्त आहे, कारण तुमच्याकडे कार्ड नाही, फक्त लोकांची भीती आहे.

पहिली गोष्ट लग्नाची, कारण अर्धे फोन त्याचेच. हिंदू विवाह कायदा आणि विशेष विवाह कायदा, दोन्हींत पूर्वी एपिलेप्सी ही लग्नाला अडचण म्हणून लिहिलेली होती. १९९९ मध्ये दुरुस्ती करून ती काढली. आजार झालेल्यांच्या संघटना आणि डॉक्टर मागे लागले म्हणून ती निघाली, आपोआप नाही. आजही मामा-काका "कायद्यानेच चालत नाही ना" म्हणतात, त्यांना हे साल सांगा. अर्थात आजार लपवून लग्न लावा असं मी म्हणत नाही, लपवलं की भांडण लपवण्यावरून होतं.

दुसरी गोष्ट शाळेची. आम्ही शाळेत जाऊन अर्धा तास दाखवतो की फिट आली तर कुशीवर वळवा, डोक्याखाली दप्तर ठेवा, घड्याळ बघा, तोंडात चमचा घालू नका, कांदा-चप्पल हुंगवू नका, ५ मिनिटांवर गेली तर १०८ लावा. एका शाळेत मुख्याध्यापक बाईंनी सगळं ऐकून शेवटी विचारलं, चप्पल चामड्याचीच लागते का. हसू नका, आम्हालाही कुठेतरी असंच शिकवलं होतं. १७ नोव्हेंबरचा राष्ट्रीय एपिलेप्सी दिवस यासाठी बरा पडतो, त्या सुमारास शाळा वेळ देतात.

तिसरी गोष्ट मागणीची. जागतिक आरोग्य संघटनेच्या सभेत मे २०२२ मध्ये एपिलेप्सी आणि इतर न्यूरॉलॉजिकल आजारांसाठी २०३१ पर्यंतचा आराखडा मंजूर झाला. प्रत्येक देशात या आजारांसाठी निदान एक जनजागृती किंवा ॲडव्होकसीचा कार्यक्रम चालू असावा, असं त्यात उद्दिष्टच आहे. निवेदनात हे एक वाक्य टाकलं की समोरचा जरा सावरून बसतो.

८. नोकरीवर असताना आजार झाला, साहेब म्हणतात राजीनामा द्या. देऊ का?

सरकारी नोकरी असेल तर सहीच करू नका. दिव्यांगांच्या २०१६ च्या कायद्याचं कलम २०(४) सांगतं की सेवेत असताना दिव्यांगत्व आलं म्हणून काढता येत नाही, पद खाली आणता येत नाही. ते काम जमत नसेल तर त्याच पगारावर दुसऱ्या योग्य जागी टाकायचं, जागा नसेल तर जागा होईपर्यंत किंवा निवृत्तीपर्यंत जादा पदावर ठेवायचं.

प्रायव्हेटमध्ये हे कलम चालत नाही आणि इथे लोक फसतात, कोणाचा तरी फॉरवर्ड वाचून मालकाला कलम २० दाखवतात. पण समान संधी धोरण खाजगी आस्थापनेलाही करावं लागतं, आणि २० किंवा जास्त कर्मचारी असतील तर त्यात लायझन ऑफिसर पण नेमावा लागतो. तेव्हा एचआरला मेल करून आधी ते धोरण मागा, अगदी गोड भाषेत. अर्ध्या ठिकाणी ते नसतं आणि मग बोलणं तुमच्या बाजूने सुरू होतं. फिटवाल्यांनी सोयीचं पत्र देताना उंचीवरचं, मशीनवरचं काम याबद्दल डॉक्टरांचं स्पष्ट मत जोडावं, गाडीचं पण, कारण लायसन्सच्या फॉर्ममध्ये एपिलेप्सीबद्दल विचारलेलं असतं आणि तिथे खोटं लिहून उद्या ॲक्सिडेंट झाला तर ग्रुप काही करू शकत नाही.

९. निवेदन द्यायचं ठरलं, पण कोणाला?

ज्याच्या सहीने काम होतं त्याला. ऐकायला सोपं वाटतं, पण आमची पहिली दोन वर्षं यातच गेली. आम्ही अकरा मागण्यांचं चार पानी निवेदन मुख्यमंत्र्यांपासून सगळ्यांना दिलं, फोटो काढले, फेसबुकवर टाकले, आणि उत्तर एकाचंही आलं नाही. आता एक पान, एक मागणी, एक टेबल, आणि खाली तुम्ही परत कधी येणार ती तारीख.

महापालिका, जिल्हा परिषद, नगरपालिका, ग्रामपंचायत यांना स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात, तेव्हा रॅम्प, बसायची सोय, थेरपी असलं तिथे मागायचं. हॉस्पिटलची अडचण असेल तर त्या हॉस्पिटलच्या अधीक्षकांना, मेडिकल, मेयो आणि मिहानमधलं एम्स या तिन्हींचा कारभार वेगळा आहे, एकाचं पत्र दुसऱ्याला देऊ नका. अनुदानाचं तहसीलला. हक्क डावलला अशी तक्रार असेल तर राज्याचे दिव्यांग आयुक्त, त्यांचं ऑफिस पुण्यात आहे. डिसेंबर २०२२ पासून राज्यात दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभाग पण आहे, धोरणाचं तिकडे.

पोचपावतीशिवाय कागद सोडायचा नाही. दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक नंबर. "ठेवून जा, मी देतो साहेबांना" असं म्हणणारा शिपाई फार प्रेमळ असतो, तरी नंबर घ्या.

१०. हिवाळी अधिवेशनात आपण मोर्चा काहून काढत नाही?

दरवर्षी कोणीतरी उत्साही विचारतंच. डिसेंबरमध्ये सगळा महाराष्ट्र आपल्या गावात मोर्चा घेऊन येतो आणि आपण घरी बसायचं, हे मलाही बोचतं. एकदा गेलो होतो. यशवंत स्टेडियमपासून मॉरिस कॉलेजच्या टी पॉइंटपर्यंतचं अंतर तुम्हाला काहीच वाटणार नाही, पण पार्किन्सनचा माणूस गर्दीत मधेच थिजतो, मागचे ढकलतात, संडासाची सोय नाही, एमएसवाल्यांना तर बाथरूम दहा मिनिटं पण थांबत नाही. तीन जण पडले. कोणाला जास्त लागलं नाही हे नशीब.

शिवाय आमदाराला विधानसभेत तारांकित प्रश्न विचारायचा असेल तर तो बरेच दिवस आधी द्यावा लागतो, अधिवेशनाच्या गर्दीत निवेदन देऊन त्याच अधिवेशनात प्रश्न लागत नाही. म्हणून आम्ही दिवाळीच्या आसपास आमदारांना त्यांच्या मतदारसंघातल्या ऑफिसात गाठतो, प्रश्न टाईप करूनच नेतो. अधिवेशनात सिव्हिल लाईन्सच्या आमदार निवासात सकाळी दोघं-तिघं जातात, फक्त आठवण करून द्यायला. फोटो चांगला येत नाही, काम होतं.

११. उन्हाळ्यात मीटिंग बंद का ठेवता? आणि उन्हाचा आजाराशी काय संबंध?

एमएसमध्ये अंगाचं तापमान अर्धा अंश वाढलं तरी नजर धूसर होऊ शकते, पाय लटपटतात. उथॉफ नावाच्या जर्मन डॉक्टरने १८९० मध्येच हे लिहून ठेवलंय. शरीर थंड झालं की सहसा परत ठीक होतं, पण रांगेत उभ्या माणसाला ते कोण सांगणार. आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. म्हणून एप्रिल ते जून भेटी फोनवर.

यातूनच आमची सगळ्यात यशस्वी मागणी निघाली, उन्हाळ्यात तपासणीला बोलावताना या पेशंटना सकाळची पहिली वेळ द्या आणि बाहेरच्या बाकाऐवजी आत कूलरजवळ बसवा. पैसा लागत नाही, जीआर लागत नाही. एका ऑफिसने लगेच मान्य केलं. दुसऱ्याने सांगितलं की कूलर स्टाफसाठी आहे, तिथे पत्र चालू आहे, तिसरं.

१२. पेशंटला बोलता येत नाही नीट, मी मुलगा म्हणून बोललो तर चालेल ना?

चालतं, पण दुसरा नंबर तुमचा. हे माझ्यासाठीच लिहून राहिलो. आवाज बारीक झालाय, शब्द सापडायला वेळ लागतो, म्हणून आपण मधेच वाक्य पूर्ण करून टाकतो आणि अधिकारी मग आपल्याकडेच बघून बोलतो. एकदा एक ताई, लकव्यानंतर वाचा अडखळते त्यांची, अधिकाऱ्यासमोर "मला... मला..." करत जवळजवळ मिनिटभर थांबल्या, मी तोंड उघडणार तेवढ्यात त्यांनी माझ्या हातावर चापट मारली आणि म्हणाल्या, "खुर्ची". एवढंच. काउंटरसमोर खुर्ची आली. माझं पाच मिनिटांचं भाषण पाठ होतं, ते तसंच राहिलं.

ज्यांना बोलणं शक्यच नाही त्यांनी मोबाईलवर टाईप करून दाखवावं, कार्डावर लिहून न्यावं. डिमेन्शियात मात्र घरच्यांनाच बोलावं लागतं, तरी माणूस समोर बसलेला असताना "यांना काही कळत नाही" असं म्हणू नका.

१३. ग्रुप रजिस्टर करायचा का? आणि आरटीआय ग्रुपच्या नावाने टाकता येतो का?

सुरुवातीला रजिस्ट्रेशनची घाई नको. निवेदन द्यायला रजिस्ट्रेशन लागत नाही. पैसे गोळा करायचे झाले, बँकेत खातं लागलं की मग ७ जण मिळून सोसायटी, धर्मादाय कार्यालयात नोंदणी, दरवर्षी हिशेब तपासणी, हे सगळं मागे लागतं. हिशेब ठेवणारा माणूस सापडला नसेल तर थांबा.

आरटीआयचा अर्ज एका नागरिकाने स्वतःच्या नावाने टाकावा, संस्थेच्या नावाने टाकला की परत येऊ शकतो, कारण हक्क नागरिकाला आहे. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांच्या आत, उत्तराची मुदत ३० दिवस. "का खर्च केला नाही" असं विचारू नका, "किती खर्च झाला, त्या नोंदीची प्रत द्या" असं विचारा. ५ टक्के निधीसाठी (प्रश्न ९) हाच रस्ता.

१४. ग्रुपवर लकव्याचं खात्रीशीर औषध टाकलं तर मला काढून काहून टाकलं?

कारण १९५४ चा जादूटोण्यासारख्या औषधांच्या जाहिरातींविरुद्धचा कायदा आहे आणि ज्या आजारांवर इलाजाचा दावा करून जाहिरात करता येत नाही त्यांत लकवा आणि फिट दोन्ही आहेत. आयुर्वेदाशी भांडण नाही. "शंभर टक्के बरा" याच्याशी आहे. उरलेल्या गोळ्या एकमेकांना द्यायच्या पोस्ट पण काढल्या जातात. महाग पडत असतील तर जनऔषधी दुकानात तेच घटक असलेलं मिळतं का ते डॉक्टरांना विचारून घ्या.

१५. मीटिंगचे फोटो टाकता ना, मग माझं नाव बाहेर जाईल का?

आता जाणार नाही. आधी गेलं होतं आणि चूक माझी होती. एका मीटिंगचा फोटो मी स्टेटसला ठेवला, मागच्या रांगेत एक मुलगी होती, तिच्या सोयरिकीच्या लोकांपैकी कोणीतरी तो बघितला. पुढचं लिहित नाही. तिने मला शिवी पण दिली नाही, फक्त ग्रुप सोडला. तेव्हापासून फोटो फक्त हात, कागद आणि पोचपावतीचे. निवेदनावर सही करायची नसेल तरी मीटिंगला या. तुमचं नाव फक्त हजेरीच्या वहीत असतं आणि वही माझ्या घरी कुलपात असते.

१६. पहिल्यांदा येतोय. काय आणायचं?

रिपोर्टची झेरॉक्स, ओरिजिनल नको, आमच्याकडे एकदा हरवलं आहे. पाण्याची बाटली. गोळीची वेळ होत असेल तर गोळी, आणि डब्यात दाण्याचा लाडू किंवा पनीर असेल तर ते गोळीच्या अंतरानेच खा, प्रोटीनमुळे काहींची गोळी नीट लागत नाही. मीटिंग अकराला असते कारण बहुतेकांची सकाळची गोळी तेव्हा लागू झालेली असते. मेट्रोने आलात तर सीताबर्डीला लिफ्टने उतरा आणि फोन करा, कोणीतरी घ्यायला येतं. हॉल पहिल्या मजल्यावर आहे, लिफ्ट आहे, लाईट गेली तर आम्ही खाली पार्किंगमध्येच सतरंजी आणि खुर्च्या टाकतो.